राखून ठेवलेली ताकद

“त्याला हात लावायचा नाही. दमलाय तो,” काकू दारातूनच ओरडल्या, आणि लाडोबाची वायर काढायला वाकलेला लाँड्रीवाला चोरी पकडल्यासारखा सरळ झाला.

“काकू, तिसऱ्या मजल्यावर चादरी हव्यात. सिस्टर माझ्या डोक्यावर बसल्यात.”

“मग भाऊसाहेबाला ने. तो ताजा आहे.”

“ह्याला काय झालंय? बेचाळीस टक्के दाखवतोय की!”

“दाखवेल. त्याचं दाखवणं म्हणजे संकोची पाहुण्याचं. ‘झालं हो, पोट भरलं’ म्हणेल आणि लिफ्टच्या दारात मान टाकेल. मग त्याला ढकलत आणायला तू येणारेस की मी?”

लाँड्रीवाल्याने भाऊसाहेबाला नेलं. काकूंनी लाडोबाच्या अंगावरून फडकं फिरवलं, बॅटरीच्या झाकणाला तळहात लावून ऊब बघितली आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसल्या.

लाडोबा काय आणि भाऊसाहेब काय, हे हॉस्पिटलातले सामान वाहणारे रोबो. कमरेइतके उंच, खाली चाकं, पोटात कप्पे. औषधं, चादरी, रुग्णांची ताटं घेऊन दिवसभर मजल्यामजल्यांवर फिरायचे. आपली आपण लिफ्ट बोलवायचे. कोणी आडवं आलं तर थांबून ‘कृपया वाट द्या’ म्हणायचे, आणि त्या हॉस्पिटलात कृपया म्हणणारे तेवढेच होते. दमले की तळघरातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत येऊन भिंतीला पाठ लावून चार्ज होत उभे राहायचे. ती खोली काकूंची. आधी त्या चादरी मोजायच्या कामावर होत्या. रोबो आले तेव्हा ह्या खोलीत यायला कोणी तयार होईना, कारण दिवसभर बोलायला माणूस नाही. काकू म्हणाल्या, मला द्या. आल्या आल्या त्यांनी एकेकाला नाव दिलं आणि बोलण्याचा प्रश्न मिटवला.

खोलीत कायदा त्यांचाच चालायचा. बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही, हा कंपनीचा नियम. पन्नास भरल्याशिवाय कोणाला खोलीबाहेर सोडायचं नाही, ही त्यात काकूंनी घातलेली भर. त्यालाही कारण होतं. लाडोबा सगळ्यांत जुना. एकदा ऑपरेशनच्या खोलीपुढे तो जागच्या जागी बंद पडला, मागे एक स्ट्रेचर अडकलं आणि स्ट्रेचरवरची बाई “काय झालं हो, काय झालं” म्हणत राहिली. तो आवाज काकूंच्या डोक्यातून गेला नाही.

रोबोंची देखभाल बघायला एक तरुण इंजिनियरबाई यायची. गुणी मुलगी. तिच्या डोक्यात एक कल्पना होती: प्रत्येक मजल्यावर, लिफ्टच्या शेजारी, चार्जिंगची एकेक पट्टी बसवायची.

“लिफ्टची वाट बघत ते उभे असतातच ना, काकू. तेवढ्यात दोन घास खातील.”

“असं येता-जाता तोंडात टाकून पोट भरत नाही, पोरी. नीट बसून जेवावं लागतं.”

“बॅटरीला पोट नसतं हो. तिला उलट हेच मानवतं. थोडं जायचं, थोडं भरायचं, पुढे जायचं.”

“मानवत असेल. माझ्या खोलीत नको.”

इंजिनियरबाई हसली आणि पट्ट्यांचा विषय तिने पुढे ढकलला. काकूंशी वाद घालून कोणी जिंकलं असं हॉस्पिटलात तरी झालं नव्हतं.

घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी काकू विचारत, “किती?”

आतून काका ओरडत, “पंचेचाळीस!”

हा ह्या नवराबायकोचा हिशेब. काकांचं हृदय गेल्या वर्षी दमलं. दमलं, हा डॉक्टरांचाच शब्द. काका लिफ्ट बसवणारे मेकॅनिक. भरल्या अंगाचे, भिंत हलेल असं हसणारे. लोखंडी दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून मजलेच्या मजले चढायचे, कारण लिफ्ट बसवणाऱ्याला आधी जिन्यानेच जावं लागतं. असा माणूस एका सकाळी दाढी करता करता आरशापुढे खाली बसला आणि शुद्धीवर आला तो हॉस्पिटलच्या खाटेवर. घरी आणलं तेव्हा चहाचा कप उचलताना हात थरथरत होता.

डॉक्टर म्हणाले होते, “ताकद जपून वापरा.” काकूंनी त्यातलं ‘जपून’ घट्ट धरलं. ‘वापरा’ कुठे सांडलं ते त्यांना कळलंही नाही.

त्यांनी काकांची ताकद हातात घेतली. आंघोळ स्टुलावर बसून, नंतर आडवं व्हायचं. कोणी भेटायला आलं तर बोलायचं पाहुण्यांनी, काकांनी नुसती मान हलवायची. पेपर वाचायला परवानगी होती, पण राजकारणाचं पान काकू आधीच काढून ठेवत, कारण ते वाचलं की काका हातवारे करून बोलत आणि त्यात दहा टक्के उडत. दिवसा, काकू कामावर असताना, फोनवर बोलायला बंदी. काका आधी चिडले, मग हसले, मग त्यांनाही त्या आकड्यांची सवय झाली. “आज चाळीस आहेत, तुझ्यावर रागवायला पुरणार नाहीत,” असं म्हणून ते कूस बदलायचे.

आणि गुण आला, हेही खरंच. पावसाळा संपेपर्यंत काका फाटकापर्यंत जाऊन यायला लागले. तपासणीला गेल्यावर डॉक्टर काकूंना म्हणाले, “हे माझ्या औषधाचं काम नाही, तुमचं आहे. आता हळूहळू बाहेर पडू द्या त्यांना. मध्ये मध्ये बसत, सावकाश.” पहिलं वाक्य काकूंनी दुसऱ्या दिवशी लाँड्रीवाल्याला सांगितलं, इंजिनियरबाईला सांगितलं, कोणी नसताना लाडोबालाही सांगितलं. दुसरं कोणालाच सांगितलं नाही.

काकांना एकच हवं होतं. ताईकडे जायचं होतं.

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. आई गेली तेव्हा काका शाळेतही जात नव्हते. ताईनेच त्यांना न्हाऊमाखू घातलं, मारलं, शिकवलं आणि मोठं केलं. आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आपल्या मुलीजवळ राहत होती. इमारतीला लिफ्ट नव्हती. ताईचे गुडघे गेलेले, त्यामुळे तिला खाली उतरता येईना, आणि काकांना वर चढू दिलं जाईना. “साऱ्या शहराला वर नेलं मी,” काका म्हणत, “आणि सख्खी बहीण राहिली जिन्याच्या टोकाला.”

ताईचा फोन रोज सकाळी यायचा.

“काय रे बाळ, उठलास का?”

बाळाचे सगळे केस पांढरे झाले होते. “उठलो गं. तुझी सून मला बसू देईल तर बसतो,” असं बाळ म्हणायचं. काकूंना ती दोघं गमतीने सून म्हणत, कारण काकांची आई काय आणि काकूंची सासू काय, सगळं ताईच होती.

“दे बरं तिला. काय गं, माझ्या भावाला काय कपाटात कडी लावून ठेवलायस? एवढी ताकद साठवून तिचं लोणचं घालणारेस का?”

“ताई, तुमचा जिना काय साधा आहे? एका मजल्याला त्यांचे वीस टक्के जातील.”

“मग पाच मजले पुरतील की! मी तर चौथ्यावरच राहते.”

“अहो, शंभर कुठे आहेत त्यांच्याकडे? अजून थोडे भरू देत. पुढच्या महिन्यात बघू.”

“बरं बाई, तू म्हणशील तसं. मी कुठे पळून चाललेय?” आणि ताई खळखळून हसायची. हसणं दोघा भावंडांचं सारखंच होतं. फोन कानापासून लांब धरावा लागायचा.

पुढचा महिना आला की काकू त्याच्या पुढचा महिना दाखवत.

लाडोबाची बॅटरी अखेर अगदीच मावळली. भरायला वेळ लागे आणि उतरायला लागत नसे. काकूंना त्याची काळजी नव्हती, कारण त्यांनी कपाटात एक नवी कोरी बॅटरी राखून ठेवली होती. कधीतरी जास्तीची आलेली. ती त्यांनी फडक्यात गुंडाळून, अडीअडचणीला असू दे म्हणून मागे सारली होती, आणि भाऊसाहेबासाठी मागितली तेव्हाही दिली नव्हती. आता मोठ्या दिमाखात ती बाहेर काढून त्यांनी इंजिनियरबाईपुढे ठेवली.

इंजिनियरबाईने ती यंत्राला जोडून तपासली, पुन्हा तपासली.

“काकू, ही किती वर्षं पडून होती?”

“पडून काय म्हणतेस? जपून ठेवली होती. एकदासुद्धा वापरलेली नाही.”

“हो, पण हिची ताकद गेलीय. निम्मीसुद्धा उरलेली नाही. न वापरताही उतरतात ह्या. कपाटात ठेवली तरी म्हातारी होतेच ती.”

“काहीतरीच! माल खोटा दिला असेल मेल्यांनी.”

“माल चांगलाच होता,” ती मुलगी हळूच म्हणाली. तिला काकूंचं मन मोडायचं नव्हतं. काकूंनी बॅटरी पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि कपाटात होती तिथेच ठेवून दिली.

त्या रविवारी काकू भाजी घेऊन आल्या तर काका बूट घालून खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले.

“कुठे?”

“ताईकडे.”

“किती आहेत?”

“सत्तर.”

“खोटं बोलू नका.”

“बरं, पंचावन्न. तुझ्या त्या लाडोबाला पन्नासला सोडतेस ना बाहेर? मग मलाही सोड.”

काकूंना हसू आलं, पण त्यांनी पिशवी खाली ठेवली, गुडघे टेकले आणि काकांच्या बुटांचे बंद सोडायला घेतले. काकांनी पाय मागे घेतला नाही. नुसते त्यांच्या डोक्याकडे बघत म्हणाले, “अगं, मला थोडा खर्च होऊ दे की.”

काकूंचे हात थांबले.

“आणि मी? तुम्ही त्या जिन्यात तसेच खाली बसलात तर मी काय करू? त्या दिवशी मी न्हाणीघराचं दार ढकललं तेव्हा तुमच्या गालावरचा साबण वाळला होता. तुम्हाला काय माहीत? तुम्ही कुठे होतात? मी होते तिथे. मला वाटलं संपलं सगळं. मला पुन्हा ते बघायचं नाहीये. मी नाही सोडणार तुम्हाला, तुम्ही कितीही रागवा.”

एवढं सगळं त्या एका दमात बोलल्या. वर्षभरात पहिल्यांदाच बोलल्या. काकांनी अर्धवट सुटलेल्या बंदाकडे बघितलं. मग म्हणाले, “बरं. काढ.” आणि दुसरा पाय त्यांनी आपणच पुढे केला.

संध्याकाळी त्यांनी ताईला फोन लावला. “ताई, ह्या महिन्यात नाही जमत गं.” पलीकडून ताई काय म्हणाली ते काकूंना ऐकू आलं नाही. हसली तेवढं ऐकू आलं. काकूंना बरं वाटलं. त्या ऊन पाणी घेऊन आल्या आणि काकांचे पाय शेकत बसल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी, काकू चार्जिंगच्या टोकांवरचा काळा थर खरवडत असताना त्यांचा फोन वाजला. घरचा नंबर होता. काकांना दिवसा फोनची बंदी, त्यामुळे काकूंनी घाईने उचलला.

“ताई गेली,” काका म्हणाले.

“काय?”

“भाचीचा फोन आला होता. जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.”

“तुम्ही बसलाय ना? बसून बोला हं,” काकूंच्या तोंडून निघून गेलं.

काका म्हणाले, “मी निघतोय.”

“थांबा. मी येते. बरोबर जाऊ.”

इंजिनियरबाई तिथेच होती. तिने काकूंच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि म्हणाली, “जा तुम्ही. मी बघते सगळं.” लाडोबा भिंतीशी उभा होता. काकूंनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

टॅक्सीत दोघं शेजारी शेजारी बसले. काका खिडकीतून बाहेर बघत होते. काकू त्यांच्या छातीकडे बघत होत्या, सवयीने, श्वास कसा चाललाय ते. मग एकदम त्यांना वाटलं, वर्षभर मी रोज ह्यांना विचारलं, किती. ताईंना एकदाही विचारलं नाही. ताई फोनवर मोठ्याने बोलायच्या, हसायच्या, म्हणजे त्या भरलेल्याच असणार, असं काकू धरून चालल्या होत्या. भाऊ सांभाळायचा, वाट बघणारी बहीण कुठे जातेय? काकूंना स्वतःचा इतका राग आला की त्यांनी काकांचा हात धरायला पुढे केलेला हात मागे घेतला.

इमारतीच्या दारात भाची उभी होती. डोळे सुजलेले. “मामा,” म्हणून ती गळ्यात पडली, आणि मग काकूंकडे बघत म्हणाली, “मामी, मामांना वर येऊ देणार ना?”

काकांनी तोवर कठड्यावर हात ठेवला होता.

पहिल्या मजल्याच्या वळणावर एक घडीची खुर्ची होती. भिंतीला टेकवून, उघडून ठेवलेली, वर पातळशी उशी. काका धापा टाकत तिच्यापाशी थांबले.

“बसा ना, मामा,” मागून भाची म्हणाली. “तुमचीच आहे ती.”

“माझी?”

“आईने ठेवायला लावली. प्रत्येक मजल्यावर एक. माझा भाऊ येईल तेव्हा वळणावळणावर टेकेल, मग सावकाश वर येईल, म्हणाली. शेजारी कुरकुर करायचे, अंधारात पाय अडखळतो म्हणून. ही कुठली ऐकतेय! रोज मला विचारायची, खुर्च्या आहेत ना गं जाग्यावर? कोणी हलवल्या नाहीत ना? तुम्ही येणार होतात ना दर महिन्याला.”

काका बसले. काकू दोन पायऱ्या खाली पाण्याची बाटली घेऊन उभ्या राहिल्या. श्वास निवायला फार वेळ लागला नाही. काका उठले आणि चढायला लागले.

दुसऱ्या मजल्यावर उंच स्टूल होतं. काका तिथेही बसले, उठले. ओठ निळे पडले नाहीत, हात थरथरले नाहीत. काकू एकेक पायरी मागून चढत होत्या आणि त्यांना स्वच्छ दिसत होतं, की हा माणूस चढू शकतो. आज नव्हे, कधीचाच चढू शकत होता. त्यांनीच त्याला इतकं बरं केलं होतं.

तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची चांगली, हातांची, लाकडी होती.

“ही आईची,” भाची म्हणाली. “जेवायला हिच्यावरच बसायची. शेवटच्या मजल्याला तो जास्त दमेल, त्याला चांगली टेकायला हवी, म्हणून ही खाली पाठवली. तेव्हापासून खाटेवर ताट घेऊन जेवत होती.”

त्या खुर्चीवर काका सगळ्यांत जास्त वेळ बसले. दम लागला होता म्हणून नाही. खुर्चीचे हात झिजून गुळगुळीत झाले होते, त्यांच्यावरून ते तळवा फिरवत राहिले.

वर खोलीत माणसं बाजूला सरली. ताई खाटेवर होती, हनुवटीपर्यंत चादर ओढलेली. काका तिच्या शेजारी टेकले. तिच्या कपाळावरचे केस मागे सारून म्हणाले, “आलो गं.” आणि मग ते रडले, मोठ्याने, सगळा जीव ओतून, लहान मुलं रडतात तसे. असं रडण्यात किती ताकद जाते हे काकूंना ठाऊक होतं. त्या दाराशी उभ्या राहिल्या. जवळ गेल्या नाहीत, पाणीही पुढे केलं नाही.

ऊन उतरायला लागलं तसं ताईला खाली न्यायची वेळ झाली. जिना अरुंद. उचलायला आलेल्यांपैकी एकाने वाकून बघितलं आणि म्हणाला, “त्या जिन्यातल्या खुर्च्या आधी काढा कोणीतरी. वळता यायचं नाही.”

भाची उठायला लागली. काकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि त्या स्वतः गेल्या. आधी ताईची लाकडी खुर्ची. ती जड होती, पोटाशी धरून, पायरी चाचपत त्यांनी ती तळापर्यंत नेली. मग पुन्हा वर. मग स्टूल. एका शेजाऱ्याने हात पुढे केला, “द्या इकडे, मी नेतो.”

“नको,” काकू म्हणाल्या. “हे मलाच करू द्या.”

शेवटी घडीची खुर्ची आली. तिन्ही खुर्च्या त्यांनी खाली दाराच्या आत, भिंतीशी ओळीने मांडल्या. घामाने चेहरा निथळत होता. वर पावलं वाजायला लागली. “सावकाश, सावकाश. डावीकडे घ्या,” असे आवाज एकेका मजल्याने खाली येत राहिले.

ते उतरले. पुढे दोघं, मागे दोघं, मध्ये ताई. त्यांच्या मागे काका. एक हात कठड्यावर, दुसरा पुढे करून चादरीच्या कडेवर ठेवलेला. वळणावर टेकायला आता काही नव्हतं. ते कुठे थांबले नाहीत. काकू भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या, वाट मोकळी केली. काका त्यांच्या समोरून, बहिणीला नेणाऱ्यांच्या पावलांशी पाऊल जुळवत, बाहेर उन्हात गेले आणि रस्त्याला लागले. काकूंनी त्यांना थांबवलं नाही.